गडाचा दरवाजा कोणी उघडला?

"दाराला आतून कडी का नाही हो गुरुजी?"

रोकडे गुरुजी फळा पुसत होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "काढून ठेवलीय साहेब."

"काढून ठेवलीय म्हणजे? शाळांना नवी दारं दिली ती कडीकोयंड्यासकट दिली. कागदावर माझी सही आहे."

"बसवली होती तशी. सुतार खाली उतरला आणि गावानं काढली. इथं आतून कुणी लावत नाही."

"आणि हा वारा? कागद उडतील की सगळे."

"उडाले तर पोरं गोळा करतील."

माणूस मवाळ, पण बोलणं हे असं. मी तेव्हा शिक्षण विस्तार अधिकारी होतो. निम्म्या तालुक्यातल्या शाळा माझ्या हाताखाली, आणि उलट उत्तर ऐकायची सवय नाही. त्यात सकाळपासून डोंगर चढून माझं टाळकं तापलेलं. कुरंगवाडी ही कुरंगगडाच्या माचीवरची वस्ती. गाडी खाली जुन्या पेठेपर्यंत येते. पेठ म्हणजे नुसते चौथरे आणि निवडुंग, तिथं कुणी राहत नाही. तिथून पुढे पायवाट, आणि पायवाटेवर औषधाला सावली नाही.

वर पोचल्यावर पाणी मागावं म्हणून मी पहिल्याच घराचं दार वाजवलं होतं. माझा हात दारावरून खाली यायच्या आत दार उघडलं. आतून "कोण?" नाही, "काय पाहिजे?" नाही. एका मध्यमवयीन बाईनं दार सताड उघडलं, बाजूला झाली, आणि मी उंबऱ्याच्या आत आल्यावर मग माझ्या तोंडाकडे बघितलं. पाणी दिलं, वर गुळाचा खडा दिला.

"बाई, मी चोर असतो तर?" मी हसत म्हणालो. "कोण, कुठला, काही विचारायचं तरी."

"हितं इचारत न्हाईत," ती म्हणाली. मग माझी पिशवी बघून एकदम सावध झाली. "तुमी साळंचं सायेब का? मी हौसा. वैजूची आई. सायेब, माझ्या पोरीचं काय करायचं ठरवलंया तुमी?"

मी काय करायचं ठरवलं होतं ते तिथं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. तिला म्हटलं, बघू.

झालं होतं असं. चौथीची इतिहासाची पुस्तकं त्याच्या आदल्या वर्षी बदलली. पूर्वी आमच्याकडे तिसरीला जिल्ह्याचं वेगळं पुस्तक असे. त्यात कुरंगगडाबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, गड किती उंच आणि टाकी किती, इतकंच. कुणाची तक्रार नव्हती. मग दिल्लीहून नवा आराखडा आला. देशभर मुलांनी काही मूल्यं शिकायची, एकेका मूल्याला एकेक गोष्ट. 'कर्तव्यनिष्ठा' या मूल्याला गोष्ट पाहिजे होती. पुण्याच्या मंडळींनी जुने कागद उलटसुलट करून कुरंगगडाचा दारवान येसबा शोधून काढला. मोगलांनी वेढा घातला, गडावर शिबंदी थोडी, पण येसबानं दार काही उघडलं नाही. वेढा उठला, गड राहिला. गोष्ट छान होती. मला स्वतःला आवडली होती.

इतकी आवडली, की तालुक्याच्या गुणवत्ता परीक्षेचा पेपर काढायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी त्यावर प्रश्न घातला. पेपरात एक तरी फसवा प्रश्न असावा अशी माझी जुनी खोड. 'वेढ्याच्या वेळी गडाचा दरवाजा कोणी उघडला?' ज्यानं धडा वाचला नाही तो कुणाचं तरी नाव ठोकून देणार. बरोबर उत्तर, 'कोणीही नाही.'

पेपर तपासणीला कुरंगवाडीचा गठ्ठा निघाला आणि तपासनीस बाई उठून माझ्याकडे आल्या. त्या शाळेच्या चौथीतल्या प्रत्येक पोरानं त्या प्रश्नाला उत्तर लिहिलं होतं, आणि प्रत्येकानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. बाकी पेपर नीट. गणितं बरोबर, निबंध बरा. त्या एका प्रश्नापुढे मात्र सुभाष, कांता, बाळू, वैजयंता.

वर गेलं प्रकरण. कुणी म्हणालं मास्तरनं शिकवून केलेली टवाळी आहे, कुणी म्हणालं एका थोर दारवानाचा अपमान आहे. सामूहिक गैरप्रकार असा शेरा पडला, शाळेचा निकाल अडकला, आणि रोकडे गुरुजींना निलंबित का करू नये अशी विचारणा निघाली. आता गंमत अशी, की बाकीची पोरं कशीबशी पास होण्यातली, पण वैजयंता तालुक्यात पहिली येत होती. पहिल्या मुलीला जिल्ह्याच्या निवासी शाळेत जागा. कुरंगवाडीची शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा डोंगराखाली, आणि तिथं मुली पाठवायची रीत नाही. वैजूची थोरली बहीण चौथी झाली, कांद्याच्या खळ्यावर गेली आणि पंधराव्या वर्षी लग्न होऊन मोकळी झाली.

शेवटी मीच वरच्या साहेबांना म्हणालो, त्या मुलीला मी समोर बसवून तोच प्रश्न पुन्हा लिहायला लावतो. बरोबर लिहिलं तर पोरखेळ म्हणून सोडून द्या, निकाल लावा आणि मास्तरलाही समज देऊन सोडा. ते बरं म्हणाले. म्हणजे त्या मुलीनं दोन शब्द लिहायचे होते, की सगळं सुरळीत. त्यासाठी मी डोंगर चढून आलो होतो.

फळा पुसून झाला. गुरुजींनी हात झटकले.

"तुम्ही शिकवलंत का त्यांना असं लिहायला?" मी विचारलं.

"नाही. मी धडाच शिकवला नाही."

"का?"

"शिकवता येईना. दोनदा पुस्तक उघडलं आणि मिटलं. मी ह्याच गावचा साहेब. पुण्याला पाठ्यपुस्तक मंडळाला मी पत्रं घातली होती. म्हटलं, आमच्याकडे हे वेगळं सांगतात, निदान दोन ओळी घाला. ते म्हणाले, आधार काय? कागद दाखवा."

"बरोबरच आहे त्यांचं. ज्याच्या त्याच्या आजीनं सांगितलेलं पुस्तकात घालायचं म्हटलं तर गावागणिक वेगळं पुस्तक छापावं लागेल. वाडीवाडीचा इतिहास वेगळा असतो का कुठं?"

"असतो की. पण वेगळं छापा असं मी म्हणत नाही. छापा तुमचं सगळ्यांना एक. फक्त आमच्या पोरांना तो प्रश्न विचारू नका."

"काय वेगळं सांगता तरी काय तुम्ही?"

गुरुजींनी पोरांकडे बघितलं. खोलीत पहिली ते चौथीची सगळी पोरं बस्करांवर बसून आमच्याकडे बघत होती. "मुलीचं काम आधी होऊ द्या," ते म्हणाले. "मी तिला सांगितलंय, साहेब म्हणतील ते पुस्तकातलं लिही. पोरगी हुशार आहे. तिचं नुकसान नको."

मग मला त्यांचा राग आला नाही. मास्तर वाईट नव्हता.

वैजयंताला पुढे बोलावलं. काटकुळी पोर, दोन वेण्या, डोळे मात्र सरळ रोखलेले. तिची आईही मागोमाग आली होती, ती आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय गं, पेपरात स्वतःचं नाव का लिहिलंस?"

"मीच उघडते म्हणून."

"काय उघडतेस?"

"दार."

मला वाटलं, चेष्टा करतेय. तिच्या तोंडावर चेष्टा नव्हती. "बरं," मी म्हटलं, "आधी धडा मोठ्यानं वाच, मग लिही. म्हणजे कुणी म्हणायला नको, पोरीनं न वाचता लिहिलं."

तेवढ्यात वाऱ्यानं दार आपटलं आणि टेबलावरचे माझे कागद थेट फळ्यापर्यंत गेले. पोरांनी धावपळ करून ते आणून दिले. मी वैतागलो. पाहुण्यांसाठी म्हणून एक लाकडी बाक होता, तो मी ओढत नेला आणि दार लोटून त्याला आतून आडवा लावला.

खोलीतली कुजबुज थांबली. कुणी रागावल्यावर वर्ग चिडीचूप होतो तशी ही शांतता नव्हती. पोरं माझ्याकडे बघत नव्हती, बाकाकडे बघत होती.

"साहेब, बाक नको," गुरुजी म्हणाले.

"पाच मिनिटांचं काम आहे हो. वाच गं तू."

तिनं पुस्तक हातात घेतलं. आवाज खणखणीत होता, पण आता त्याला जरा कंप होता. "शत्रू दाराशी आला. गडावरचे लोक घाबरले. येसबा म्हणाला, मी इथे उभा आहे तोवर हे दार उघडणार नाही. बाहेरून दारावर..." ती थांबली.

"दारावर धडका बसू लागल्या," मी पुढचं सांगितलं. धडा मला पाठ होता.

दार वाजलं.

धडक नव्हती ती. हाताच्या तळव्यानं दार थोपटावं तसा आवाज, आणि खालच्या बाजूनं, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवरून. एकदा वाजलं, मग पुन्हा, मग दोन-तीन ठिकाणी एकदम. माझ्या मनात आलं, वाडीतली बारकी पोरं खोडी काढताहेत.

चौथीतली दोन पोरं उठली. "बसा खाली," मी म्हणालो. ती बसली नाहीत, पण पुढेही आली नाहीत. गुरुजींनी हात अर्धा वर केला होता, ते काही बोलणार तेवढ्यात मी दाराकडे तोंड करून ओरडलो, "कोण आहे?"

हौसाबाईच्या तोंडून "आगं आई" असं काहीतरी निघालं.

थोपटणं थांबलं. मग बाहेरून एका बाईचा आवाज आला. फार मोठा नाही. चढ चढून आलेल्या बाईला दम लागलेला असतो तसा तुटक, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"आमचं ऱ्हाऊ द्या. पोरं तेवढी आत घ्या."

मला वाटलं, उशिरा आलेल्या पोरांना घेऊन कुणाची तरी आई आलीय. "बाई, जरा थांबा," मी म्हणालो. "परीक्षा चाललीय."

वैजूनं पुस्तक खाली ठेवलं. मला काही न विचारता ती दाराशी गेली, बाकाला दोन्ही हात लावले आणि सरकवायला लागली. मी "अगं, अगं" करेपर्यंत उठलेली दोघं तिच्या मदतीला गेली. बाक बाजूला झाला, तिनं दार सताड उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं.

मी स्वतः बाहेर जाऊन बघितलं. माची म्हणजे उघडं पठार. लपायला झुडूप नाही, शाळेच्या मागे कडा. लांब एक शेळी चरत होती, बाकी वाळलेलं गवत. कुणी पळून गेलं असतं तर मला पाठमोरं दिसलं असतं. मी मनाशी म्हटलं, वारा. पण वारा पोरं आत घ्या म्हणत नाही.

आत आलो तर पोरं सरकत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. प्रत्येक बस्करावर मुलं एका बाजूला दाटीनं सरकून दुसऱ्या बाजूला जागा करत होती. पहिलीतल्या एका चिमुरडीनं शेजारी ठेवलेली पाटी उचलून मांडीवर घेतली आणि ती रिकामी जागा हातानं झाडली.

मला भीती वाटली. सरळ सांगतो. मोठा माणूस, सरकारी अधिकारी असून. मी मघाच्या त्या बाकावर बसलो.

"तुम्ही 'कोण' म्हणालात," गुरुजी म्हणाले.

"म्हणालो. दारावर कुणी आलं तर दुसरं काय म्हणतात?"

"इथं नाही म्हणत. काही उत्तर आलं का?"

"तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"विचारणाऱ्यालाच येतं असं म्हणतात. आमच्यात कुणी विचारलेलंच नाही. माझ्या आजोबांनी नाही, त्यांच्या वडलांनी नाही. आम्ही नुसतं थोपटणं ऐकतो आणि उघडतो. ती काय म्हणाली साहेब?"

"ती? बाई होती हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही तिला बाई, थांबा म्हणालात."

मी सांगितलं. जसं ऐकलं तसं सांगितलं, 'ऱ्हाऊ द्या'सकट. हौसाबाईनं पदर तोंडाशी नेला आणि ती मटकन खाली बसली. गुरुजींनी टेबलाला हात टेकला.

"म्हणजे अगदी तसंच," ते म्हणाले. "शब्दसुद्धा तेच. मला वाटायचं, सांगता सांगता गोष्टीत भर पडली असेल. कागद नाही म्हणून मंडळानं विचारलं, तेव्हा माझ्याही मनात यायचं, की खरंच आधार काय आपल्याला."

"गुरुजी, आता मला सगळं सांगा."

त्यांनी पोरांसमोरच सांगितलं. पोरांना ते पाठच होतं. येसबा खरा, वेढा खरा. पण मोगलांची फौज दाराशी यायच्या आधी खालच्या पेठेतली माणसं दाराशी आली होती. कोष्टी, तेली, कुंभार, चांभार, त्यांच्या बायका, कडेवरची पोरं. पेठ पेटली होती आणि फौज त्यांच्या पाठीवर होती. त्यांनी दार थोपटलं. आतल्यांनी विचारलं, कोण? त्यांनी नावं सांगितली. एकेक करून, घराघराची. आतल्यांना ती नावं ओळखीची होती, त्यांच्याकडून तेल घ्यायचे, मडकी घ्यायचे. येसबाला हुकूम होता, की दार उघडायचं नाही. दार उघडलं असतं तर माणसांबरोबर फौजही आत घुसली असती. येसबानं आतून सांगितलं, थांबा, फौज मागे हटली की घेतो. मग एक बाई म्हणाली, आमचं राहू द्या, पोरं तेवढी आत घ्या.

"आणि?"

"आणि काही नाही. थोपटणं पुष्कळ वेळ चाललं होतं म्हणतात. मग बंद झालं. गड वाचला." गुरुजींनी पुस्तकावर हात ठेवला. "ह्यात एक अक्षर खोटं नाही साहेब. येसबा वाईट नव्हता. हुकूम चुकीचा होता असंही मला म्हणता येत नाही, मी काय लढाईतला माणूस नाही. फक्त दार बंद होतं तेव्हा बाहेर कोण होतं, तेवढं ह्यात नाही."

मला आता उलगडा झाल्यासारखं वाटलं. "म्हणजे तुम्ही त्या पेठेतल्या लोकांचे वंशज. म्हणून तुम्हाला हा धडा..."

"नाही हो साहेब," गुरुजी म्हणाले. "त्यांचं कोण उरलंय? आम्ही आतल्यांची पोरं."

गुरुजींनी पुस्तक मिटलं.

"येसबाच्या हयातीतच दार वाजायला लागलं. गडाचं नव्हे, घराघराचं. मग आमच्या वाडवडलांनी ठरवलं, की आता विचारायचं नाही. विचारलं की कळतं, आणि एकदा कळल्यावर न उघडणं हे मारणंच झालं. तेव्हा आधी उघडायचं. आणि पोरं जवळ असतील तर मोठ्यांनी नाही, पोरांनी उघडायचं. मोठी माणसं विचार करत बसतात. म्हणून चौथीपर्यंतच्या पोरांकडे ते काम. तुम्ही पेपरात विचारलंत, दार कोणी उघडलं. त्यांनी आपलं खरं ते लिहिलं."

तो प्रश्न मी माझ्या घरी आरामखुर्चीत चहा पीत काढला होता. काढल्यावर बायकोला वाचूनही दाखवला होता, बघ कसा पेच टाकलाय म्हणून.

"सायेब," हौसाबाई जमिनीवरूनच म्हणाली, "ते सगळं खरं हाय. पर माझ्या पोरीला जाऊ द्या हितनं. तिला लिवू द्या तुमचं काय हाय ते. लिही गं वैजे. दोन अक्षरं लिवायला काय जातंय तुझं?"

वैजूनं माझ्याकडे बघितलं, मग गुरुजींकडे. "खोटं लिहू का गुरुजी?"

"पुस्तकातलं लिही."

"पण पुस्तकातलं खोटं आहे का?"

मी पुढे झालो. मला अगदी मनापासून वाटत होतं, की ह्या पोरीला ती जागा मिळावी, आणि ती मिळवून द्यायची तर कागदावर तेच दोन शब्द पाहिजेत. वरचे लोक गोष्ट ऐकून घेणार नव्हते. त्यांना उत्तरसूचीशी जुळणारं उत्तर पाहिजे होतं.

"वैजयंता," मी म्हटलं, "प्रश्न नीट वाच. वेढ्याच्या वेळी, असं विचारलंय. त्यानंतरचं नाही विचारलेलं."

तिनं प्रश्न वाचला. ओठ हलवत, दोनदा. मग खाली बसली, मांडीवर पुस्तक, त्यावर कागद, आणि हळूहळू लिहिलं. लिहून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला.

"तेव्हा कोणीच नाही उघडलं साहेब," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "एवढी माणसं होती आत. कोणीच नाही."

कागदावर वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'कोणीही नाही.' त्या धड्यावर इतकं बरोबर उत्तर तालुक्यात दुसऱ्या कुणी दिलं नसेल.

त्या कागदावर तिचा निकाल लागला. जूनमध्ये ती निवासी शाळेत गेली, आणि पुढे खूप शिकली. गुरुजींची नोकरी राहिली. मी मंडळाला पानभर लिहून कळवलं, त्याचं उत्तर आलं, की सूचनेची नोंद घेतली आहे. धडा कितीतरी वर्षं तसाच छापला जात होता. ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मी कागदाची घडी घालून पिशवीत ठेवत होतो, तेव्हा दार पुन्हा वाजलं.

वैजूनं मघाशी उघडलेलं दार वाऱ्यानं कधी लोटलं गेलं होतं कुणास ठाऊक. तेच थोपटणं, तितकंच खालून. मी पोरांकडे बघितलं. एकही उठलं नाही. वैजू रडता रडता थांबली, पण तीही बसून राहिली.

"गुरुजी, उघडायला सांगा ना त्यांना."

"ह्या खेपेला त्यांचं काम नाही साहेब," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "विचारलंत तुम्ही. उत्तर तुम्हाला मिळालंय. आता तुमच्यासाठी वाजतंय."

मी म्हणणार होतो, की माझं काम झालंय, मला गाडी गाठायचीय. पण थोपटणं चाललंच होतं. जोर नव्हता त्यात. मी थांबा म्हणालो होतो आणि ती थांबली होती.

मी उठलो, दाराशी गेलो आणि उघडलं.

समोर कुणी नाही. वारा पडला होता, गवताचं पातं हलत नव्हतं. तरी माझ्या पॅन्टला गुडघ्यापाशी काहीतरी घासून गेलं. मग दुसऱ्या पायाला. मी दचकून मागे झालो नाही, कसा कोण जाणे. उलट अंग चोरून दाराला चिकटलो, वाट मोठी केली. कुणीतरी चिमुकल्या हातानं माझं बोट धरलं, उंबरा ओलांडण्यापुरतं, आणि सोडलं. माझ्या मागे पोरं बस्करांवरून उठून भिंतींना जाऊन उभी राहत होती, त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. हौसाबाई कुणाला तरी "ये बाई, ये" म्हणत होती. दार वजनदार होतं, धरून धरून माझा हात भरून आला. दुसरा हात लावला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

वैजू येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"साहेब, आले का सगळे?" तिनं विचारलं. "लावू दार?"

"थांब," मी म्हणालो. "अजून येताहेत."